वाटेंत थांबलेला प्रभु

शास्त्रपाठ : मार्क, अध्याय ५, वचनें २१ ते ४३



आजच्या शास्त्रपाठांतील प्रसंग तुम्ही लहानपणापासून शब्बाथशाळेंत ऐकत आलां आहां. तरी तो पुन्हां एकदां डोळ्यांपुढें आणा. सरोवराच्या कांठीं लोकांचा मोठा समुदाय जमला आहे. त्यांतून वाट काढीत याईर नांवाचा सभास्थानाचा एक अधिकारी येतो आणि प्रभु येशूच्या पायां पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारीं आहे. आतां त्या बापास ना मानाची पर्वा, ना पदाची. प्रभूनें घरीं यावें, एवढीच त्याची विनवणी. प्रभु तत्काळ त्याच्याबरोबर निघतो. मागून लोकांचा लोंढा निघतो. सर्वांचीं पावलें झपझप पडत आहेत, कारण येथें एकेका घटकेचा प्रश्न आहे हें सर्वांस समजतें.

आणि अशा वेळीं प्रभु वाटेंत थांबतो!

कोणासाठीं थांबतो? जिचें दुखणें आजचें नाहीं, बारा वर्षांचें जुनें आहे, अशा एका बाईसाठीं. तिला कांहीं त्याच घटकेस मरण येणार नव्हतें. बारा वर्षें जिनें काढलीं ती आणखी एक दिवस थांबली असती, असेंच कोणीहि म्हटलें असतें. याईराच्या मनांत त्या क्षणीं काय कालवाकालव झाली असेल, ती ज्यानें घरीं दुखणेकरी ठेवून डॉक्टरास आणावयास धांव घेतली आहे त्यालाच कळेल. शिष्यांनाहि नवल वाटलें. चोहोंकडून लोक अंगावर लोटत असतां आपणांस कोण शिवलें असें विचारण्यांत अर्थ काय, असें ते बोलूनहि गेले. पण प्रभु पुढें पाऊल टाकीत नाहीं. तो वळून पाहत राहतो.

ह्या थांबण्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण थोड्याच वर्षांपूर्वीं आपणहि अशाच एका गर्दींत होतों, आणि आपण थांबलों नाहीं.

सन २०२० च्या मार्च महिन्याची आठवण करा. ९ मार्चला आपल्या राज्यांतील कोरोनाचे पहिले रोगी पुण्यांत सांपडले. २५ मार्चपासून सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. एस्. टी. बंद, आगगाडी बंद, बाजार बंद. आपलीं प्रार्थनामंदिरें बंद झालीं, आणि त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सणहि आपण घरोघरीं दारें लावून पाळला. रोग पसरूं नये म्हणून माणसांनीं कांहीं काळ माणसांपासून दूर राहणें अवश्य होतें, ह्याविषयीं वाद नाहीं. पुढील वर्षीं, सन २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत, प्राणवायूसाठीं लोक दारोदार फिरले तेंहि आपण विसरलों नाहीं. याईराची मुलगी खरोखरच मरणाच्या दारीं होती. तिच्याकडे धांवणें प्राप्तच होतें.

पण त्या धांवेंत गर्दींतल्या त्या दुसऱ्या बाईचें काय झालें?

दुसऱ्याचें सांगण्यापूर्वीं मी माझी स्वतःची चूक सांगतों. माझ्या मंडळींत एक विधवा म्हातारी आहे. तिला बरींच वर्षें मधुमेह आहे. दर महिन्याला तालुक्याच्या गांवीं जाऊन ती रक्त तपासून घेई व गोळ्या आणी. टाळेबंदींत तें बंद पडलें. पावसाळ्याच्या आरंभीं तिच्या पायाच्या अंगठ्यास चप्पल लागून फोड आला. तिनें मला फोनवर विचारलें, “पाळकसाहेब, पाय दाखवायला जाऊं का?” मीं उत्तर दिलें, “मावशी, दवाखान्यांत सगळी कोरोनाची गर्दी आहे. एवढ्याशा फोडासाठीं कशाला जातां? साथ ओसरूं द्या, मग मी स्वतः तुम्हांला घेऊन जाईन.” तिला बरें वाटलें; मलाहि आपण शहाणपणाचा सल्ला दिला असें वाटलें. जुन्या मधुमेहांत पायाची जाणीव कमी होते, म्हणून जखम पुष्कळदां दुखत नाहीं आणि म्हणूनच ती घातक होते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. साथ ओसरण्याची वाट पाहतां पाहतां अंगठा काळा पडला. शेवटीं गुडघ्याखालून पाय कापावा लागला. त्या मावशीला कोरोना झालाच नाहीं. तिनें मला कधीं दोषहि दिला नाहीं. आतां प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या ती दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून चढते, आणि प्रत्येक रविवारीं मी तें पाहतों. प्रभूला पुढें ढकलणाऱ्या त्या गर्दींत मीहि होतों, हें मला त्या पायऱ्यांवर कळलें.

बंधुजनहो, हें एका गांवचें नव्हे. आपल्या देशांत सन २०१९ मध्यें क्षयरोगाच्या सुमारें २४ लाख रोग्यांची सरकारदरबारीं नोंद झाली होती. सन २०२० मध्यें हा आंकडा सुमारें १८ लाखांवर आला. वरवर पाहणाऱ्यास आनंद वाटावा; पण सहा लाख लोकांचा क्षय एकाएकीं बरा झाला नव्हता. ते न तपासलेले, न नोंदलेले असे राहिले. आपला खोकला शेजाऱ्यांच्या कानीं पडला तर ते काय म्हणतील, ह्या भीतीनें माणसें तोंडांत पदर कोंबून खोकत होतीं. जगांत क्षयानें मरणाऱ्यांची संख्या दहा वर्षांहून अधिक काळ घटत आली होती. ती त्याच वर्षीं पुन्हां वाढली.

लहान मुलांचीहि तीच गत. सन २०२१ मध्यें जगांतील सुमारें अडीच कोटी बालकांस घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांवरील नेहमींच्या लसीचे सर्व डोस मिळाले नाहींत. सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीसारख्या दाट वस्तींत गोंवराची साथ उठली, तेव्हां ज्या बालकांस लस टोंचावयाची राहिली होती त्यांस ती विशेष भोंवली, व कांहीं बाळें दगावलीं.

हें केवळ आपल्याकडेच घडलें असेंहि नाहीं. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया ह्या देशांत सन २०१४ ते २०१६ पर्यंत इबोला रोगाची साथ होती. तींत ११ हजारांहून अधिक माणसें मेलीं. पण त्याच काळांत नेहमींची औषधयोजना मोडून पडल्यामुळें हिंवताप, क्षय व एड्स ह्यांनीं जीं अधिक माणसें मेलीं त्यांची संख्याहि जवळजवळ तितकीच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे साथ दोनदां मारते. एकदां स्वतःच्या हातानें, आणि एकदां आमच्या विसराळूपणानें.

आतां पुन्हां शास्त्रपाठाकडे वळूं, आणि प्रभूनें थांबून काय केलें तें पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, त्यानें तिला गर्दींतून वेगळें ओळखलें. ती बाई नियमशास्त्राप्रमाणें अशुद्ध गणली जात होती. ती जेथें बसेल तें आसन अशुद्ध, तिला शिवेल तो अशुद्ध. आपण कांहीं महिने घरांत कोंडून राहिलों तर आपला जीव मेटाकुटीस आला. तिची टाळेबंदी बारा वर्षांची होती. अशा बाईनें उघडपणें पुढें येऊन विनवणी करावी तरी कशी? म्हणून ती मागून आली. मागून येणारे असे लोक प्रत्येक गांवांत असतात. साथीच्या दिवसांत आपण रोज संध्याकाळीं आंकडे ऐकत होतों. किती रोगी, किती बरे, किती मेले. त्या आंकड्यांत त्या बाईचें नांव कोठेंच नव्हतें. पण जें नांव आंकड्यांत नाहीं तें प्रभूच्या ध्यानांत आहे. सन २०२० च्या सप्टेंबरांत आपल्या राज्यांत ‘माझें कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हां आशा सेविका व त्यांचे सोबती घरोघर फिरले. त्यांनीं ताप मोजला, प्राणवायूचें प्रमाण पाहिलें, आणि घरांत कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा दुसरें जुनें दुखणें आहे काय हेंहि विचारलें. दारोदार थांबून असें विचारणें हें, मला वाटतें, प्रभूच्या त्या थांबण्याच्याच जातीचें काम होय.

दुसरी गोष्ट, त्यानें तिचें सर्व ऐकून घेतलें. बाई तर वस्त्रास शिवतांच बरी झाली होती. मग तिला समोर बोलाविण्याचें कारण काय? बारा वर्षांत तिच्या शरीरालाच तेवढें दुखणें झालें नव्हतें. पैसा गेला, माणसें दुरावलीं, आशा खचली. ती थरथर कांपत पुढें आली आणि तिनें सर्व खरें सांगितलें. बारा वर्षांची कहाणी दोन शब्दांत संपत नाहीं. आणि इकडे याईर ताटकळत उभा आहे! तरी प्रभूनें तिचें बोलणें तोडलें नाहीं. वैद्यांवर एवढा पैसा कां उधळलास म्हणून तिला बोलहि लाविला नाहीं. उलट त्यानें तिला मुलगी म्हणून हांक मारली. याईराच्या मुलीसाठीं निघालेल्या प्रभूला वाटेंत आपलीहि एक मुलगी भेटली! बंधुभगिनींनो, जीव वांचणें निराळें आणि जगणें निराळें. साथीच्या दिवसांत ज्यांचा जीव वांचला, पण ज्यांच्याशीं महिनोन् महिने कोणी दोन शब्द बोललें नाहीं, असे म्हातारे आपल्यांत होते. ज्यांची झोंप उडाली, ज्यांनीं जेवण टाकलें, ज्यांना घरांत रडण्यासहि जागा नव्हती, अशा स्त्रिया होत्या. त्यांचें दुखणें कोणत्याहि यंत्रांत दिसत नाहीं. तें ऐकूनच कळतें.

तिसरी गोष्ट, दोघींनाहि जीवन मिळालें. प्रभु बोलत आहे तोंच घरून निरोप आला कीं मुलगी वारली. लोकांचें गणित असें होतें कीं, बाईला दिलेला वेळ मुलीच्या वांट्यांतून गेला. प्रभूनें तें गणित खोटें ठरविलें. आम्हांस मेलेल्यांस उठविण्याचें सामर्थ्य नाहीं, हें खरें. म्हणूनच आम्हांस एकाकडेहि हयगय करण्याची सवलत नाहीं. आणि नीट पाहिलें तर ह्या दोन दुखण्यांत वैर नाहींच. ज्यांचा मधुमेह आटोक्यांत नव्हता त्यांनाच कोरोना अधिक जड गेला. सन २०२१ मध्यें ज्या काळ्या बुरशीनें आपल्या राज्यांत कित्येकांचे डोळे व जबडे गेले, तिनेंहि बहुतेक रक्तांतील साखर वाढलेल्या रोग्यांसच गांठलें. म्हणून जुनें दुखणें सांभाळणें म्हणजेच नव्या साथीच्या वाटेंत बांध घालणें होय.

चौथी गोष्ट लहानशी आहे. मुलगी उठून चालूं लागली. घरांतील माणसें आश्चर्यानें थक्क झालीं. त्या आनंदांत प्रभूनें काय सांगितलें? हिला कांहीं खावयास द्या! मरणाला जिंकणारा प्रभु स्वयंपाकघराची आठवण करून देतो. मरणाच्या दारांतून परत आलेल्यास ताकद यावयास अन्न, विसांवा व काळजी लागते, हें त्याच्या ध्यानांत आहे. आपण मात्र रोगी इस्पितळांतून घरीं आला कीं काम झालें असें समजतों. क्षयरोग्यास गोळ्यांइतकीच भाकरी, डाळ व अंडें ह्यांची गरज असते. त्याच्या आहारासाठीं सरकार सन २०१८ पासून दरमहा पैसे देत आलें आहे. आरंभीं ते ५०० रुपये होते, सन २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० रुपये झाले. ते त्याच्या ताटांत पडतात कीं नाहीं, हें कोण पाहणार?

येथें कोणी म्हणेल, “आम्ही विश्वासणारे आहों, देव बरें करील, औषधाची एवढी यातायात कशाला?” हिज्कीया राजा मरणोन्मुख असतां त्यानें प्रार्थना केली व देवानें ती ऐकली, तरी यशया संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधावयास सांगितलें. तीमथ्यास पोटाचें दुखणें व वारंवार आजार होत, तेव्हां पौलानें त्याला उपाय लिहून कळविला. लूक तर स्वतः वैद्यच होता. ह्याच श्रद्धेनें डॉक्टर वानलेस ह्यांनीं सन १८९४ मध्यें मिरजेस इस्पितळ उघडलें. प्रार्थना करणें आणि गोळी घेणें ह्या दोन्ही एकाच हातांतून आलेल्या देणग्या आहेत.

दुसरा कोणी म्हणेल, “दवाखान्यांत जाण्याचें भय वाटतें.” हें भय मी हंसण्यावारीं नेत नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं सन १८९६ पासूनचा प्लेग आणि सन १९१८ ची मानमोडी पाहिली. तेव्हां खेड्यापासून दवाखाना कोसोगणती दूर असे. न जाण्यास त्यांस कारण होतें. आज गांवांत आशा सेविका आहे, जवळपास आरोग्य केंद्र आहे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, आणि सन २०२० च्या एप्रिलपासून ई-संजीवनीच्या द्वारें घरीं बसून फोनवर डॉक्टरास विचारतां येतें. ती बाई भीत भीतच आली, पण आली. भय असतांहि पाऊल उचलणें ह्यालाच येथें विश्वास म्हटलें आहे.

सन २०२३ च्या मे महिन्याच्या ५ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. पुढील साथ केव्हां येईल तें देवास ठाऊक. पण ती येईल तेव्हां आपली मंडळी पुन्हां त्या गर्दीसारखी वागूं नये, म्हणून आजच कांहीं गोष्टी कराव्या, अशी माझी तुम्हांस विनंति आहे.

मंडळीच्या वडिलांनीं एक वही करावी. गांवांत मधुमेह, रक्तदाब, क्षय, फिट्स, मूत्रपिंडाचें दुखणें कोणास आहे, गरोदर कोण आहे, तान्हीं बाळें कोणाचीं, हें त्या त्या माणसाच्या संमतीनें त्यांत लिहावें, आणि ती वही कुलुपांत ठेवावी. ती गांवगप्पांसाठीं नव्हे. अशा प्रत्येक दुखणेकऱ्यानें निदान एक महिन्याचें औषध घरांत राखावें, आणि डॉक्टरास विचारल्यावांचून एकहि गोळी बंद करूं नये. क्षयाचें औषध निदान सहा महिने घ्यावें लागतें; मध्येंच सोडलें तर रोग औषधास दाद देईनासा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत त्यास पैसे पडत नाहींत. बाळाच्या लसीचा दिवस चुकला तर ‘आतां काय उपयोग’ असें म्हणून बसूं नये. राहिलेली लस पुढें कशी द्यावयाची तें आरोग्य केंद्रांत सांगतात. आणि छातींत कळ आली, अर्धें अंग लुळें पडलें, गरोदर बाईस रक्त गेलें, किंवा लहान मूल धापा टाकूं लागलें, तर साथ असो वा नसो, त्याच घटकेस दवाखाना गांठावा. तोंड झांकून जा, गर्दी टाळून जा, पण जा.

जीं तरुण मुलें फोन हाताळतात त्यांनीं एकेका म्हाताऱ्याचा भार उचलावा, दर आठवड्यास विचारावें, “काका, गोळ्या आहेत ना? मावशी, पायाला जखम नाहीं ना?” हा प्रश्न मीं वेळेवर विचारला असता तर एक पाय वांचला असता.

प्रियजनहो, प्रभु आजहि वाटेनें चालला आहे, आणि त्याच्यामागें आपणहि चाललों आहों. पुढें कोणाच्या घरीं मोठें संकट आहे. तिकडे गेलेंच पाहिजे. पण वाटेंत कोणी मागून हळूच वस्त्रास हात लावील. त्या वेळीं, हे प्रभो, आमचीं पावलें थांबव, आमचे डोळे मागें वळव, आणि जिचें दुखणें सर्वांच्या संवयीचें झालें आहे, तिला मुलगी म्हणून हांक मारण्यास आमच्या ओठांस शिकीव. आमेन.